रायफलचा ग्रुप अडीच इंचांवर अडलाय. आधी काय तपासू?

पोकोनोकर
नमस्कार मंडळी. मी पेनसिल्व्हेनियात, स्क्रॅन्टनच्या बाजूला राहतो. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी इथे हरणांचा रायफल सीझन उघडतो, तेव्हा ऑफिसातल्या मित्रांबरोबर रानात जातो. आतापर्यंत मित्राची जुनी रायफल वापरत होतो, यंदा स्वतःची घेतली. .३०८ विंचेस्टर, बोल्ट अ‍ॅक्शन, कारखान्यातून आली तशी. प्लॅस्टिकचा स्टॉक (दस्ता), बारीक बॅरल, वर ३ ते ९ पट मोठं दाखवणारा स्कोप. (इथे हरणांसाठी सेमी-ऑटो रायफल चालत नाही, त्यामुळे बोल्टवालीच जास्त दिसते.)

प्रश्न असा की १०० यार्डांवर तीन गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे सर्वांत लांबच्या दोन भोकांतलं अंतर, कधी दीड इंच येतो, पण बहुतेक वेळा दोन-अडीच. दुकानदार म्हणतो स्टॉक बदला, मग ट्रिगर, जमलं तर बॅरल. ती बेरीज केली तर दुसरी रायफल येते! गोळ्या म्हणाल तर रेंजवरच्या स्वस्तातल्या १४७ ग्रेन (हे गोळीचं वजन) एफएमजे, म्हणजे पूर्ण धातूच्या आवरणाच्या, आणि १५० ग्रेन सॉफ्ट पॉइंट, म्हणजे टोकाला शिसं उघडं असलेल्या. ट्रिगर जड आहे, सहा पाउंडांच्या आसपास. पैसे घालायला हरकत नाही, पण कोणत्या क्रमाने?

काकडीची कोशिंबीर
आता इथे हरणं मारायचेही धागे निघायला लागले. छान चाललंय.

पोकोनोकर
कोशिंबीरताई, तुमचं मत मला मान्य नसलं तरी समजतं. १८९५ साली इथलं गेम कमिशन स्थापन झालं तेव्हा या राज्यातली हरणं बेसुमार शिकारीने संपत आली होती. आज ती परसात येऊन ट्युलिप खातात. रायफली आणि गोळ्यांवर ११ टक्के केंद्रीय कर आहे, तो १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांच्या कामालाच जातो. वाद घालायचा तर वेगळा धागा काढू, मी येईन. इथे एवढंच म्हणतो की नेम चुकून जखमी झालेलं जनावर रानात भटकावं हे मला अजिबात नकोय, आणि हा धागा त्यासाठीच काढलाय.

घिसाडी
ह्यूस्टनहून. पोटापाण्याला मशीन शॉप, हौसेला रायफली. दुकानदाराचा क्रम बरोबर उलटा करा. म्हणजे बॅरल शेवटी, आणि बहुतेक वेळा तिथवर जायची पाळीच येत नाही.

पहिलं काम स्क्रूंचं. स्क्रू किती जोराने आवळला ते दाखवणारा, इंच-पाउंडांचा टॉर्क पाना घ्या, या धाग्यातली ही एकच खरेदी मी डोळे मिटून सुचवेन. स्कोप उतरवा. बेसचे, म्हणजे स्कोपच्या रिंगा ज्यावर बसतात त्या पट्ट्यांचे, स्क्रू तपासा, तेल पुसून पुन्हा बसवा. पुढच्या बेसचा पुढचा स्क्रू लांब असला तर आत बॅरलच्या आट्यांना जाऊन टेकतो. वरून घट्ट वाटतो आणि बेस मात्र हलत असतो. रिंगांच्या टोप्यांचे स्क्रू साधारण १५ ते १८ इंच-पाउंड, त्याहून जास्त पिळलं तर स्कोपची नळी चेपते. आकडा शेवटी रिंग बनवणाऱ्याचाच पाळायचा.

मग खालचे अ‍ॅक्शन स्क्रू, म्हणजे बोल्ट बसतो तो धातूचा सांगाडा (अ‍ॅक्शन) स्टॉकला आवळणारे. रायफल रिकामी आहे ना हे दोनदा बघा, बोल्ट काढून ठेवा. स्क्रू सैल करा, रायफल उभी धरून दस्त्याचा तळ रबरी चटईवर दोन-तीनदा आपटा, म्हणजे रिकॉइल लग (धक्का स्टॉकवर घेणारा खालचा दात) मागे आपल्या खाचेत जाऊन टेकेल. तसंच धरून पुढचा स्क्रू आधी आवळा, मग मागचा. स्टॉकमध्ये स्क्रूभोवती अ‍ॅल्युमिनियमचे पिलर (नळ्या) असतील तर ६५ इंच-पाउंडांपर्यंत जातात. नुसतं लाकूड किंवा नुसतं प्लॅस्टिक असेल तर ३५ ते ४५ पुरे. तुमच्या रायफलच्या पुस्तिकेत आकडा असेल तर माझा विसरा.

आवळल्यावर मॅगझिनची पेटी बोटाने हलवून बघा. किंचित हलली पाहिजे. अ‍ॅक्शन आणि खालच्या पत्र्यात ती चिणली गेली असेल तर तुम्ही अ‍ॅक्शन स्टॉकला आवळतच नाही आहात, पेटीला आवळताय. हा दोष फार जणांना सापडत नाही कारण तो बाहेरून दिसत नाही.

बॅरल आणि स्टॉकमध्ये कागद सरकतो का?

पोकोनोकर
नोट सरकवून बघितली. उजवीकडे अर्ध्यात अडकते. डावीकडे जाते, पण स्टॉकचं पुढचं टोक हाताने दाबलं तर बॅरलला टेकतं.

घिसाडी
हेच. स्वस्त इंजेक्शन मोल्डेड स्टॉकचा पुढचा भाग लवचीक असतो. बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) ठेवलात की टेकतो, वाळूच्या पिशवीवर ठेवलात की वेगळ्या ताकदीने टेकतो, पट्टा ताणलात की तिसरंच. गोळी सुटताना बॅरल थरथरते, आणि ती थरथर दर वेळी सारखी हवी. मधे कोणी दर वेळी वेगळा हात लावला की गोळी वेगळीकडे.

पण लगेच पॉलिश पेपर घेऊन बसू नका! काही कारखान्यांनी स्टॉकच्या टोकाला मुद्दाम उंचवटे ठेवले होते, बॅरलवर ठरावीक दाब यावा म्हणून. जुन्या रेमिंग्टन ७०० मध्ये ते असायचे, आणि काही बारीक बॅरली त्या दाबानेच नीट चालतात. आधी चाचणी करा. व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा कापून अ‍ॅक्शनच्या खाली पुढच्या आणि मागच्या स्क्रूपाशी ठेवा आणि आवळा. बॅरल थोडी उचलली जाईल आणि तात्पुरती मोकळी होईल. गोळ्या झाडून बघा. फरक पडला तर मग स्टॉकमधली बॅरलची खोबण घासा. सॉकेटच्या तुकड्याला पॉलिश पेपर गुंडाळला की गोलाई छान येते. फरक नाही पडला तर कार्ड काढून टाका.

अटकेपार
माझ्याकडे लाकडी स्टॉक आहे, त्याला एपॉक्सी बेडिंग (रायफल बसते त्या जागी एपॉक्सीचा नेमका साचा) करून घेतलं आणि रात्रीत फरक पडला. पोकोनोकरने थेट तेच करावं असं माझं मत.

घिसाडी
अटके, लाकडात आणि या प्लॅस्टिकात फरक आहे. बऱ्याच स्वस्त प्लॅस्टिकला एपॉक्सी धड चिकटतच नाही. आत भोकं पाडून, पृष्ठभाग खरवडून पकड द्यावी लागते, आणि एवढं करून पुढचा भाग लवचीकच राहतो. बेडिंगची गरज आहे का ते आधी कळतं: बॅरल जिथे स्टॉकच्या टोकातून बाहेर पडते तिथे बोट असं ठेवा की बॅरल आणि स्टॉक दोन्हींना लागेल. पुढचा अ‍ॅक्शन स्क्रू सैल करा, पुन्हा आवळा. बॅरल जागेवर राहिली तर ठीक. बोटाला स्पष्ट सरकलेली कळली, तर अ‍ॅक्शन वाकून आवळली जातेय, आणि मग बेडिंगचा उपयोग आहे. डायल इंडिकेटर लावला तर पाच हजारांश इंचाच्या वर सरक म्हणजे काम काढायचं, असं मी मानतो.

करायचंच असेल तर दोन गोष्टी विसरू नका. एपॉक्सी चिकटू नये म्हणून रिलीज एजंट सगळीकडे, म्हणजे सगळीकडे, स्क्रूच्या भोकांतसुद्धा. नाहीतर रायफल आणि स्टॉक जन्माचे एक होतात. आणि रिकॉइल लगच्या पुढे, खाली आणि बाजूंना टेपचा थर लावायचा, फक्त मागची बाजू एपॉक्सीला पूर्ण टेकली पाहिजे. चारी बाजूंनी चिणलेला लग पुन्हा काढताना-घालताना एपॉक्सी खरवडतो.

सरासरी मास्तर
सगळे स्क्रूंवर तुटून पडलेत, पण मूळ मोजमापच कच्चं आहे. तीन गोळ्यांच्या ग्रुपवरून काहीही ठरवता येत नाही.

गोळ्यांचा पसारा दोन्ही दिशांना सारखा धरला, तर तीन गोळ्यांच्या ग्रुपची सरासरी रुंदी प्रमाण विचलनाच्या २.४१ पट येते. पाचांची ३.०७ पट, दहांची ३.८१ पट. म्हणजे काहीही न बदलता नुसत्या तीनऐवजी पाच गोळ्या झाडल्या तर ग्रुप सव्वापट मोठा, दहा झाडल्या तर दीडपटीहून जास्त. ‘माझी रायफल अर्ध्या इंचाची आहे’ म्हणणारे बहुतेक वेळा तीन गोळ्यांचा सर्वांत चांगला ग्रुप पाकिटात घेऊन फिरत असतात. तुमचा ‘कधी दीड, कधी अडीच’ हा एकाच रायफलचा, एकाच गोळीचा नेहमीचा चढउतार असू शकतो. सगळे पेपर जपून ठेवा, वाईट आलेलेसुद्धा, आणि पाच-पाचांच्या ग्रुपची सरासरी काढा.

दुसरी गोष्ट, चुका बेरजेने वाढत नाहीत, वर्गांच्या बेरजेने वाढतात. समजा तुमचा स्वतःचा वाटा १.५ इंच, गोळीचा १.५ आणि रायफलचा १. एकूण २.३५ च्या आसपास. आता पैसे घालून रायफलचा वाटा निम्मा केलात, तर एकूण २.१८. मिळालं काय, तर पेपरवर दिसणारही नाही एवढं. त्याऐवजी चांगली गोळी शोधून तिचा वाटा निम्मा केलात, तर १.९५. सर्वांत मोठ्या चुकीला आधी हात घालायचा. ती कुठली हे दुकानदाराला काउंटरमागून दिसत नाही.

पोकोनोकर
मास्तर, हे कुणीच सांगितलं नव्हतं. मग गोळीपासून सुरू करू?

अटकेपार
गोळी बदलाच. १४७ ग्रेनची एफएमजे ही लष्करी धाटणीची स्वस्त गोळी, नेमबाजीच्या अचूकतेसाठी ती बनवतच नाहीत. शिवाय तुमच्याकडे हरणावर आदळल्यावर फुलणारीच गोळी लागते, एफएमजे चालणार नाही. म्हणजे तिने केलेला सरावही शिकारीच्या गोळीचा नेम सांगत नाही. १५० ग्रेन, १६५ ग्रेन, १८० ग्रेन, वेगवेगळ्या कंपन्यांचा एकेक खोका आणा. एका रायफलला जी आवडते ती शेजारच्या तशाच रायफलला आवडेलच असं नाही. महाग तेवढी चांगली हेही खरं नाही.

शंकासुर
१८० ग्रेन म्हणजे जड. जड गोळी जास्त अचूक असते का?

घिसाडी
अचूक नसते, लांब असते. आणि लांब गोळीला स्थिर ठेवायला बॅरलमधला पीळ जास्त लागतो. यावर खरा घडलेला किस्सा आहे. १९५५ साली दोन ६ मिलिमीटर काडतुसं बाजारात आली. विंचेस्टरचं .२४३, आणि रेमिंग्टनचं .२४४. रेमिंग्टनच्या काडतुसात दारू थोडी जास्तच मावायची. पण विंचेस्टरने बॅरलला १० इंचांत एक फेरा दिला, रेमिंग्टनने १२ इंचांत एक. रेमिंग्टनचा हिशोब असा की लोक यातून घुशी-बिशीच मारतील, हलक्या गोळ्या वापरतील. लोकांना मात्र त्याच रायफलीने हरणंही मारायची होती, १०० ग्रेनच्या गोळीने. .२४३ तिथे बिनधास्त चालली, .२४४ मागे पडली. १९६३ साली रेमिंग्टनने तेच काडतूस ६ मिमी रेमिंग्टन नावाने ९ इंचांच्या पिळासह परत आणलं. तोवर बाजार गेला होता. .२४३ आजही गावोगावी मिळते.

.३०८ ला पीळ बहुधा १० किंवा १२ इंचांत एक असतो, आणि दोन्हींत १८० ग्रेनपर्यंतची शिकारी गोळी आरामात चालते. त्यामुळे पोकोनोकरना ही काळजी नको.

दहापॉइंटनऊ
मी बालेवाडीच्या रेंजवरची, ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून). शिकारीतलं कळत नाही, पण गोळीच्या आवडीबद्दल अटकेपार म्हणतात ते आमच्याकडे टोकाला जातं. आमच्या .२२ मध्ये एकाच कंपनीची, एकाच नावाची गोळी असली तरी लॉट बदलला की ग्रुप बदलतो. म्हणून नेमबाज रायफल घेऊन जर्मनीत शोनेबेकला लापुआच्या किंवा इंग्लंडात एलीच्या चाचणी केंद्रावर जातात, रायफल शिकंज्यात बसवून लॉटमागून लॉट झाडून बघतात, आणि जुळला तो लॉट भरपूर घेऊन ठेवतात. आमच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. पॅरिसला स्वप्नील कुसाळेंनी ४५१.४ गुणांवर ब्राँझ घेतलं ते याच प्रकारात. तुम्हाला एवढं टोकाला जायची गरज नाही, पण जुळलेल्या गोळीचे चार-पाच खोके एकाच लॉटचे घेऊन ठेवा. लॉट नंबर खोक्यावर छापलेला असतो.

दुसरं, मास्तरांनी ‘तुमचा वाटा १.५ इंच’ हे उदाहरणादाखल लिहिलं असेल. मला तो याहून मोठा वाटतो. सहा पाउंडांचा ट्रिगर, हलकी रायफल, .३०८ चा धक्का. ट्रिगर दाबायच्या क्षणी तुम्ही डोळे मिटत असाल, खांदा पुढे ढकलत असाल. ते कळायला मित्राला सांगा की मॅगझिनमध्ये मधेच एखादं डमी काडतूस भर, मला न दाखवता. डमीवर ट्रिगर ओढलात आणि नळी खाली झुकली, तर उत्तर मिळालं. मग घरी, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, कोरा सराव करा. आधी चेंबर उघडून डोळ्याने आणि बोटाने बघायचं. ट्रिगर हळू दाबायचा, आणि क्लिक झाल्यानंतरही क्रॉसहेअर तिथेच आहे का ते बघत राहायचं. आम्ही खऱ्या गोळ्यांपेक्षा हे जास्त करतो.

रेस्टवर बसताना पुढची पिशवी स्टॉकखाली, मॅगझिनच्या जवळ, जिथे स्टॉक कडक आहे. बॅरलखाली कधीच नाही. मागेही छोटी पिशवी हवी.

वऱ्हाडी ठेचा
बाप्पा, काय धागा निघाला! आमच्या काकाजवळ .३१५ ची इशापूरवाली रायफल हाय, पिकाच्या राखणीच्या परवान्यावरची. डुकरं अन् रोही कपाशी-तुरीचा नास करतात. वनखात्याच्या परवानगीबिगर तिला हातबी लावता येत नाई, थो भाग वेगळा. तिचा नेम उन्हाळ्यात येक अन् पावसाळ्यात येक. असं काहून होत असंल? आमच्याकडं तर गोळी निवडायची सोयच नाई, खडकीची मिळते तेच.

घिसाडी
ठेचाभाऊ, त्या रायफलीची अ‍ॅक्शन ली-एन्फील्डची, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या जुन्या रायफलीची. ब्रिटिशांनी साध्या नागरिकांना .३०३ हा लष्करी कॅलिबर नाकारला, म्हणून .३१५ चा घाट घातला गेला. तिचा स्टॉक दोन तुकड्यांत, आणि पुढचं लाकूड पावसाळ्यात फुगून बॅरलला रेटतं, उन्हाळ्यात सुकून सैल होतं. नेम हलतो तो त्यामुळे. लाकूड बाहेरून चकचकीत असतं, पण आतली खोबण कोरडी ठाक. ली-एन्फील्डच्या लाकडाला परंपरेने जवसाचं तेलच लावत आले आहेत, आणि ते तुमच्याकडे घरचंच. पण लाकूड उतरवून आतून लावायचं काम काकांनी परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्यावं. मागे अ‍ॅक्शन जिथे लाकडावर रेटते तो भाग झिजला असेल तर तोही तो बघेल. आणि बॅरल कापून ‘हाताळायला सोपी’ करून देतो म्हणणाऱ्याच्या वाऱ्याला उभे राहू नका. शस्त्र कायद्याच्या कलम ६ प्रमाणे त्याला वेगळा परवाना लागतो.

वऱ्हाडी ठेचा
जवस त घरी पडून हाय, घाण्यावरून तेलबी आनतो. काकाले सांगतो.

पोकोनोकर
अपडेट. स्कोपच्या मागच्या बेसचा एक स्क्रू बोटाने फिरत होता! सगळं उतरवून नीट आवळलं. कार्डाची चाचणी केली, फरक दिसला, म्हणून खोबण घासली. आता नोट दोन्ही बाजूंनी अ‍ॅक्शनपर्यंत जाते, बायपॉडवर दाबूनही. पाच-पाचांच्या ग्रुपची सरासरी १५० ग्रेनला दोन इंचांच्या थोडी खाली, १८० ला तेवढीच, १६५ ला सव्वा ते दीड इंच. डमी काडतुसाचा प्रयोग मित्राने केला. नळी कुठे झुकली ते इथे लिहीत नाही. 😄

आता ट्रिगर. पुस्तिकेत समायोजनाचा स्क्रू दिलाय. किती खाली आणू?

घिसाडी
हातमोजे घालून, थंडीत, झाडावर बसून चालवायची रायफल आहे. तीन-साडेतीन पाउंडांच्या खाली नको. पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेतच, आणि जो स्क्रू फिरवू नका म्हटलंय तो नाहीच. नंतर रिकाम्या रायफलीवर तीन गोष्टी बघा. बोल्ट जोरात बंद केला तर कॉक (झाडायला ताणलेला) राहतो का, दस्ता रबरी चटईवर आपटला तर सुटतो का, आणि सेफ्टी लावून ट्रिगर दाबला, मग नुसती सेफ्टी काढली तर सुटतो का. यातलं काहीही गडबड निघालं तर गनस्मिथकडे, स्वतः खटपट नाही. ट्रिगरचा खेळ नाही करायचा. रेमिंग्टनने २०१४ साली २००६ पासूनच्या एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या रायफली परत मागवल्या, कारण त्या आपोआप सुटण्याची शक्यता होती. कोणी जुनी रायफल विकत घेणार असेल तर सिरियल नंबर तपासून घ्या.

शंकासुर
साफसफाईचं कुणीच बोललं नाही. दर वेळी ब्रश मारून चकाचक करायची ना?

घिसाडी
जितक्या बॅरली गोळ्यांनी झिजतात तितक्याच अतिउत्साही ब्रशने बिघडत असतील, असा माझा संशय आहे. रॉड मागून, बोल्टच्या बाजूने घालायचा, बोअर गाइड (रॉड मधोमध ठेवणारी नळी) लावून. तोंडाकडून घातलात तर रॉड क्राउनला, म्हणजे नळीच्या तोंडाच्या कडेला, घासतो, आणि गोळी शेवटचा स्पर्श तिथेच करते. क्राउनवर कापसाची काडी आतून बाहेर फिरवून बघा. तंतू अडकले तर तिथे खरखर आहे, गनस्मिथ ती कड नव्याने कापून देतो, फार महाग काम नाही. तांबं साचलं की सॉल्व्हंटच्या चिंधीवर निळसर-हिरवा डाग येतो. डाग येईनासा झाला की थांबा. आणि स्वच्छ केल्यावर पहिल्या एक-दोन गोळ्या बऱ्याचदा वेगळीकडे जातात, म्हणून सीझनच्या आदल्या रात्री चकाचक करून रानात जाऊ नका.

सरासरी मास्तर
पोकोनोकर, आकडे छान. पण हरणाच्या छातीतला मर्माचा भाग साधारण सात-आठ इंचांचा धरतात. दीड इंचाची रायफल २०० यार्डांवर तीन इंच पसरेल. तुम्हाला आता रायफलीत काही करायचं उरलेलं नाही.

अटकेपार
हे एक इंचाचं वेड सोडायला लोक तयार नसतात, पण मास्तर बरोबर बोलताहेत. पोकोनोच्या दाट झाडीत २०० यार्डांची मोकळी रेषा तरी कुठे मिळते!

पोकोनोकर
स्टॉकचे पैसे वाचले, त्यातून १६५ ग्रेनचे एकाच लॉटचे खोके घेतोय. शेवटचा प्रश्न, झीरो (स्कोपचा नेम आणि गोळी जिथे जुळतात ते अंतर) १०० वर ठेवू की २०० वर? आणि बारीक बॅरल तापली की गोळ्या वर चढतात असं दिसलं, त्याचं काय?

दहापॉइंटनऊ
तापण्याचं सोपं आहे. हरणासाठी पहिलीच गोळी महत्त्वाची, ती थंड बॅरलमधून जाते. म्हणून प्रत्येक रेंज फेरीत पहिली गोळी वेगळ्या पेपरवर झाडा आणि तो पेपर दर वेळी तोच वापरा. काही फेऱ्यांनी त्यावर तुमचा खरा झीरो दिसेल. बाकीचे ग्रुप बॅरल हाताला थंड लागेपर्यंत थांबून. रेंजवर गप्पा मारायला वेळ असतोच.

अटकेपार
२०० वर झीरो केलात तर १६५ ग्रेनची गोळी १०० वर साधारण दोन इंच वर बसते, आणि ३०० वर आठ-नऊ इंच खाली. म्हणजे तुमच्या झाडीत कुठेही थेट छातीवर धरा, विचार करायला नको. स्कोप पाव मिनिटाच्या (हे कोनाचं माप) क्लिकचा असेल तर १०० यार्डांवर एक क्लिक म्हणजे जवळपास पाव इंच. आधी १०० वर दोन इंच वर बसवा, मग जमल्यास २०० वर जाऊन खात्री करा. आणि सीझनला फ्लोरोसंट भगव्या रंगाचं जॅकेट-टोपी पुरेशी मोठी आहे ना बघा, तुमच्याकडे डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच लागतो.

पोकोनोकर
जॅकेट आहे. टोपी बायकोने बागकामाला पळवलीये, ती सोडवून घेतो.